किशोरांच्या वाचनातील अद्भुत

हुबळीहून धारवाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या मध्ये, रायापूर लागते. या वीस किलोमीटरांच्या मार्गावर २०१८ साली 'चिगरी' नावाच्या वेगवान बसगाड्या सुरू झाल्या. चिगरी म्हणजे हरिण. रायापूरच्या थांब्यावर अशा गाडीत चढणारी पंधरा वर्षांची एखादी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. घरी ती मराठी बोलते, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कन्नड बोलते, आणि शाळेतील पुस्तके इंग्रजीत वाचते. बसावयास जागा मिळताच ती दप्तरातून पाचशे पानांची इंग्रजी कादंबरी काढते, आणि धारवाडचा थांबा आला तरी तिचे डोके वर होत नाही. त्या कादंबरीत एक चेटक्यांची शाळा असते, किंवा माणसाचे रक्त पिणारा एक देखणा तरुण असतो, किंवा ग्रीक देवापासून झालेला एक खोडकर मुलगा असतो. तिच्या आईवडिलांना या वाचनाचे कौतुकही वाटते आणि काळजीही वाटते. कौतुक याचे, की मुलगी निदान काहीतरी वाचते. काळजी याची, की ती जे वाचते ते सारे भुताखेतांचे आणि जादूटोण्याचे असते.

ही काळजी समजावून घ्यावयाची तर हे वाचन आहे तरी काय, हे आधी पाहिले पाहिजे. बारा ते अठरा या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांची लाट आली ती १९९७ नंतर. त्या वर्षी जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटरची पहिली कादंबरी इंग्लंडात प्रसिद्ध झाली, आणि २००७ पर्यंत तिचे सात भाग पुरे झाले. साऱ्या जगात मिळून या मालेच्या ५० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे २०१८ साली प्रकाशकांनी जाहीर केले. २००५ साली अमेरिकेत आणखी दोन माला सुरू झाल्या. त्यांपैकी रिक रायर्डन यांच्या मालेत पर्सी जॅक्सन हा समुद्रदेवाचा मुलगा आजच्या न्यूयॉर्कमध्ये वावरतो. तर स्टेफनी मायर यांच्या मालेत एका शाळकरी मुलीचे एका रक्तपिपासूवर प्रेम बसते. याच्या मागे जुनी पिढीही उभी आहे. टॉल्किन यांचे 'हॉबिट' १९३७ चे, सी. एस. ल्युइस यांच्या नार्नियाच्या सात गोष्टी १९५० ते १९५६ या काळातल्या, आणि अर्सुला ल गुइन यांची अर्थसीची पहिली कादंबरी १९६८ ची. नव्या मालांची गोडी लागलेला वाचक बहुधा पुढे या जुन्यांकडे वळतो, ही त्यातली चांगली गोष्ट होय.

या साऱ्यांस एकाच गाठोड्यात बांधणे मात्र बरोबर नाही. आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने याबाबतीत मोठा उपयोगी भेद करून ठेवला आहे. भरताने सांगितलेल्या आठ रसांत अद्भुत आणि भयानक हे दोन निराळे रस आहेत. अद्भुताचा स्थायीभाव विस्मय, तर भयानकाचा स्थायीभाव भय. झाडूवर बसून आकाशात उडणारी मुले पाहून जे वाटते ते पहिले. अंधाऱ्या जिन्यावर कोणाचे तरी पाऊल वाजले म्हणजे जे वाटते ते दुसरे. विस्मयाने मन फुलते, भयाने ते आकसते. रक्तपिपासूच्या प्रेमकथेत तर शृंगार आणि भयानक यांची सांगड घातलेली असते. आणि हे दोन रस परस्परविरोधी आहेत, असे साहित्यदर्पणकार विश्वनाथाने चौदाव्या शतकात लिहून ठेवले आहे. अशा कादंबऱ्यांचा तरुण मनाला जो विलक्षण चटका बसतो, त्याचे एक कारण या विरोधातच असावे. याच विश्वनाथाने आपल्या नारायण नावाच्या पूर्वजाचे एक मत नमूद केले आहे. ते असे, की सर्व रसांचे सार चमत्कार हेच असल्यामुळे खरे पाहता अद्भुत हा एकच रस आहे. चेटक्यांच्या शाळेत रमणाऱ्या मुलीला आपल्या बाजूने बोलणारा इतका जुना पंडित आहे, हे कळले तर ती हरखून जाईल.

वडीलधाऱ्यांची तक्रारही काही नवी नव्हे. मराठी कादंबरी जेमतेम पंधरा वर्षांची झाली होती तोच, १८७२ साली, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक यांविषयी निबंध' लिहून असंभाव्य गोष्टींच्या या नादावर कोरडे ओढले होते. त्यांच्यापुढे होत्या त्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या, राजपुत्र-राजकन्यांच्या संकटांनी आणि योगायोगांनी खच्चून भरलेल्या कादंबऱ्या. अशा वाचनाने तरुणांचे चित्त संसारावरून उडेल, ही भीती तेव्हाही होती. आजचा आरोप थोडा निराळ्या शब्दांत केला जातो. अशा पुस्तकांत रमणे म्हणजे वास्तवापासून पळ काढणे होय, असे म्हणतात. या आरोपाला टॉल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधील एका व्याख्यानात उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे, की तुरुंगातील कैद्याने सुटकेचा विचार करणे आणि रणांगणावरील शिपायाने पळ काढणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि टीकाकार त्यांची गल्लत करतात. परीक्षा, शिकवण्या आणि गुणांची टक्केवारी यांत सकाळपासून रात्रीपर्यंत जखडलेल्या मुलांच्या बाबतीत तरी हा दृष्टांत अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

परंतु नुसत्या सुटकेने या कादंबऱ्यांचे आकर्षण पुरते उलगडत नाही. त्यांतील चांगल्या कादंबऱ्या उघडून पाहिल्या तर आढळून येते, की त्यांत हवे ते हवे तेव्हा मिळत नाही. जादूला कायदे असतात, आणि ते मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते. ल गुइन यांच्या अर्थसीतील गेद हा मुलगा विद्येत तल्लख, पण गर्विष्ठ. जादूच्या शाळेत एका सहाध्यायाशी इरेस पडून तो मृताच्या आत्म्याला बोलावतो, आणि त्या वेळी उघडलेल्या फटीतून एक काळी छाया जगात शिरते. पुढील साऱ्या कथेत ती छाया त्याचा पाठलाग करते. तिच्यापासून पळून काही साधत नाही. अखेर तोच उलट फिरून तिचा पाठलाग करतो आणि तिला नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते. त्या जगाचा नियमच असा, की वस्तूचे खरे नाव ज्याला ठाऊक, त्याचीच तिच्यावर सत्ता चालते. पंधरासोळा वर्षांच्या वयात मनुष्याला आपल्याच स्वभावाची प्रथम भीती वाटू लागते. राग, मत्सर, लाज यांना नाव देता येत नाही, म्हणून ती अधिकच छळतात. उपदेशाच्या पुस्तकाने जे सांगता येत नाही ते ही छाया सांगून जाते. आणि आपल्याला कोणी उपदेश केला, असे वाचकाला वाटतही नाही.

हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचे मराठी भाषांतर झाले तेव्हा त्याचे नाव ठेवले गेले 'हॅरी पॉटर आणि परीस'. भाषांतरकाराने हा शब्द योजला आणि एका क्षणात लंडनची गोष्ट पंढरपूरला आणून पोचविली, असे म्हणावयास हरकत नाही. कारण परीस म्हटला की मराठी माणसाला परिसा भागवत आठवतो. त्याच्याजवळ लोखंडाचे सोने करणारा परीस होता. त्याच्या बायकोने तो नामदेवाच्या बायकोला, राजाईला, दिला. तिच्या घरातील दैन्य तिला पाहवत नव्हते. नामदेवाला हे कळताच त्याने तो परीस चंद्रभागेत फेकून दिला. परिसा भागवत आपला दगड मागावयास आला तेव्हा नामदेवाने नदीत हात घातला आणि ओंजळभर खडे वर काढले; त्यांतला कोणताही खडा लोखंडाला लावावा तर त्याचे सोने होई. मौज अशी, की इंग्रजी कादंबरीचा शेवटही फारसा निराळा नाही. तेथे तो दगड एका आरशात अशा युक्तीने लपविलेला आहे, की ज्याला तो सापडावा अशी इच्छा आहे पण वापरण्याची इच्छा नाही, त्याच्याच हाती तो यावा. सोने आणि अमरत्व मिळविण्यासाठी जो धडपडतो त्याला आरशात फक्त आपलीच हाव दिसते. निरिच्छ मुलाच्या खिशात दगड आपोआप येऊन पडतो. आणि सरतेशेवटी तो दगड नष्ट करण्यात येतो. म्हणजे जो परीस फेकून देता येतो तोच खरा आपला, ही गोष्ट चंद्रभागेच्या वाळवंटात सांगितली गेली होती, ती पुन्हा एकदा स्कॉटलंडच्या एका काल्पनिक किल्ल्यात सांगितली गेली. रोलिंग यांनी नामदेवाची कथा ऐकली असण्याचे कारण नाही. गोष्टींची मुळे जमिनीखालून कोठे कोठे जाऊन भिडतात, याचा हा एक नमुना आहे.

मग असा प्रश्न उभा राहतो, की ही मुळे आपल्याच भूमीत इतकी खोल असताना रायापूरच्या मुलीला आपली तहान भागविण्यासाठी इंग्रजी पुस्तकाकडे का जावे लागते?

मुळे किती खोल आहेत, हे सांगावयास गुणाढ्याची कथा पुरेशी आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात 'कथासरित्सागर' रचला, तो गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'वरून. आणि हा गुणाढ्य होता प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारी. राजाला संस्कृत शिकवावयास किती दिवस लागतील, यावरून दरबारात पैज लागली. गुणाढ्य ती हरला, आणि ठरल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या. रानात गेल्यावर त्याला जी भाषा उरली ती पैशाची, पिशाच्चांची. त्या भाषेत त्याने सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती तुच्छतेने परत पाठविली. तेव्हा गुणाढ्याने अग्नी पेटविला, एकेक पान तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. हरणे, डुकरे, रानरेडे चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहत. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. अद्भुत वाङ्मयाची दरबारी उपेक्षा, आणि भाषा गमावलेल्या माणसाने परक्या भाषेत गोष्ट सांगणे, या दोन्ही गोष्टी या कथेत आधीच येऊन गेल्या आहेत. हुबळी-धारवाडच्या तीन भाषांच्या मुलांनी तरी ती अवश्य वाचावी.

छापील मराठीतही सुरुवात चांगलीच झाली होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास आरंभ केला, आणि त्या वाचून पिढ्याच्या पिढ्या वाढल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली. शिकारीच्या नादात कड्यावरून पडून पंगू झालेल्या या लेखकाने अंथरुणावर पडल्या पडल्या किल्ल्यांची, भुयारांची आणि मांत्रिकांची सृष्टी उभारली. त्याच काळात गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथानकांना देशी वेष चढवून 'इंद्रभुवनगुहा', 'कालिकामूर्ति' अशा कादंबऱ्यांनी वाचनालयांची कपाटे भरून टाकली. त्या कादंबऱ्या फार उच्च दर्जाच्या होत्या, असे कोणी म्हणणार नाही. परंतु चौदा वर्षांच्या मुलाला रात्री कंदिलाची वात मोठी करावयास लावण्याचे सामर्थ्य त्यांत होते, आणि पुढल्या गंभीर वाचनाचा रस्ता तेथूनच जात होता.

यानंतर मराठीत एक विचित्र वाटणी झाली. अद्भुत गेले लहान मुलांकडे, आणि भयानक गेले मोठ्यांकडे. १९४७ साली मद्रासेत तेलुगू व तमिळ भाषांत निघालेल्या मासिकाची मराठी आवृत्ती 'चांदोबा' म्हणून घरोघर आली. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेल्या विक्रमाचे शंकर या चित्रकाराने काढलेले चित्र कोण विसरेल? दुसऱ्या बाजूस नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी गूढ व भयकथा मराठीत प्रतिष्ठित केल्या. धारपांच्या 'लुचाई'चे कथानक स्टीफन किंग यांच्या कादंबरीवर बेतलेले आहे खरे. पण भाड्याचे घर, शेजारी, नोकरी अशा मध्यमवर्गीय तपशिलातून हळूहळू भय उभे करण्याची त्यांची हातोटी अस्सल मराठी होती. २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागे त्यांच्याच एका कथेची प्रेरणा होती. मधल्या वयाला मात्र मिळाले ते साहस आणि इतिहास. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चोर पकडी, हेर पकडी, सायकलवरून साऱ्या पुण्यात धुमाकूळ घाली. परंतु त्याच्या जगात भूत दिसले तर ते शेवटी चादर पांघरलेला बदमाषच निघावयाचा. त्या काळच्या विवेकवादी वातावरणाला हे शोभून दिसत होते, आणि फेणेचे ऋण कोणीही नाकारू नये. तरी बारा ते अठरा या वयाची विस्मयाची भूक तशीच राहिली, आणि ती पुढे परक्या पंगतीला जाऊन बसली.

या वाटणीत काय हरवले, ते पाहावयाचे असेल तर मुंजाकडे पाहावे. १९१५ साली एंथोवेन यांनी कोकणातील लोकसमजुतींचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याची सामग्री जमविली होती नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी, गावोगावच्या शाळामास्तरांकडून. हेच ते जॅक्सन, ज्यांचा १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीने अंत झाला. आपल्याकडील भुतांचा प्रपंच या प्रकारच्या संग्रहांतून पाहिला म्हणजे थक्क व्हावयास होते. देवचार, खवीस, हडळ, जखीण, ब्रह्मसमंध, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकविणारा चकवा. प्रत्येकाची जात निराळी, जागा निराळी, खोड निराळी आणि उपायही निराळा. यांत मुंजा हा ज्याची मुंज झाली पण सोडमुंज झाली नाही, अशा मुलाचे भूत. त्याची वस्ती पिंपळावर. म्हणजे बालपण संपले आहे पण संसाराचे दार उघडलेले नाही, अशा उंबरठ्यावर जो कायमचा अडकला तो मुंजा. इंग्रजी प्रकाशकांनी ज्या वयासाठी एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार उभारला, त्या वयाचे एक स्वतंत्र भूत मराठी समाजाने कित्येक पिढ्यांपूर्वी निर्माण करून ठेवले होते! २०२४ साली 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट आला आणि देशभर चालला. कोकणातला मुंजा पडद्यावर हिंदी बोलू लागला. मात्र पंधरा वर्षांच्या वाचकाच्या हाती ठेवावी अशी मुंजाची मराठी कादंबरी कोणती, असे ग्रंथपालाला विचारले तर तो बिचारा घोटाळतो.

शब्दांचे नुकसान तर याहून अधिक आहे. रायापूरच्या त्या मुलीला इंग्रजीतील रक्तपिपासू, लांडगा-माणूस आणि चेटकीण यांची सर्व लक्षणे पाठ असतात. आजी 'चकवा लागला' म्हणाली तर त्याचा अर्थ तिला विचारावा लागतो. शेजारच्या कन्नड घरात भुताला 'देव्व' म्हणतात, आणि रात्री हाक मारणाऱ्या बाईला परतवून लावण्यासाठी दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहिण्याची रीत कर्नाटकात सांगितली जाते. ती दारावरची अक्षरे रोज वाचीत परत जाणारी, उद्याच्या आशेवर जगणारी बाई ही केवढी कथा आहे! भय वाटण्यासाठी सुद्धा मनुष्याला आपली भाषा लागते. परक्या भाषेतील भूत गमतीचे वाटते. आपल्या भाषेतील भूत परसदारी उभे असते.

मराठी किशोरांना अद्भुत अगदीच मिळाले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. ते त्यांना आडवाटेने, पौराणिक कादंबरीतून मिळाले. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली. अंगावर कवचकुंडले घेऊन जन्मलेला, आईने टाकलेला, आपण कोण हे ठाऊक नसलेला कर्ण. अनाथ मुलाच्या अंगी गुप्त तेज असावे, ही या प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्यांची जी ठरलेली चौकट, ती मराठी मुलांनी तेथे अनुभवली. त्याआधी, १९५९ साली, वि. स. खांडेकरांची 'ययाति' प्रसिद्ध झाली. शापाने म्हातारा झालेला राजा मुलांपाशी तारुण्य मागतो आणि धाकटा पुरू आपले तारुण्य त्याला देऊन टाकतो. तरुणांसाठी याहून भयंकर अद्भुतकथा कोणती असू शकेल?

आणि येथे धारवाडचा संबंध येतो. दोनच वर्षांनी, १९६१ साली, हीच कथा घेऊन गिरीश कार्नाडांनी आपले पहिले कन्नड नाटक लिहिले; ते धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केले. कार्नाड तेव्हा विशीच्या आरंभीचे होते. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून बाहेर पडून ते ऑक्सफर्डला निघाले होते, आणि वडीलधाऱ्यांच्या अपेक्षांचा भार त्यांच्या मनावर होता, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. खांडेकरांचे लक्ष ययातीच्या वासनेवर, तर कार्नाडांचे लक्ष पुरूवर आणि त्याच्या नवपरिणीत वधूवर. त्या वधूचे नाव चित्रलेखा. जिच्या पतीचे तारुण्य सासऱ्याने नेले, तिने काय करावे? ती आत्महत्या करते. महाभारतात नसलेला हा प्रश्न एका बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाला सुचला, याचे नवल नाही. एकाच पुराणकथेकडे साठीकडे झुकलेला मराठी लेखक आणि विशीतला कन्नड लेखक कसे निरनिराळे पाहतात, हे हुबळी-धारवाडच्या दोन्ही भाषा जाणणाऱ्या मुलांइतके चांगले कोणाला उमगणार? पुढे १९७१ साली कार्नाडांनी वेताळाचीच एक कथा 'हयवदन' नाटकात घेतली. दोन मित्रांची मस्तके आणि धडे यांची अदलाबदल झाली, तर नवरा कोणता, मस्तकाचा की धडाचा? वेताळाने विक्रमाला हे विचारले होते, आणि विक्रमाने मस्तकाच्या बाजूने कौल दिला होता. कार्नाडांना तो कौल पटला नाही.

धारवाडात आणखी एक गृहस्थ राहत होते. डोळ्यांवर काळा चष्मा, सभासंमेलनांपासून दूर, जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन करणारे. जी. ए. कुलकर्णी. त्यांच्या 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९७५ च्या 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घ कथा वाचताना ज्या अनाम वाळवंटांतून आणि नगरांतून वाचक जातो, ती कोणत्याही नकाशावर नाहीत. इंग्रजीत ज्याला नवे जग रचणे म्हणतात, ते धारवाडच्या त्या घरात मराठीत घडत होते. ते लेखन किशोरांसाठी नव्हते, हे खरे. त्यातला अंधार दाट आहे, आणि सोळाव्या वर्षी तो पेलेलच असे नाही. परंतु जी. एं.नी 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट' ही दोन पुस्तके मुलांसाठी लिहिली. शिवाय जेम्स स्टीफन्स या आयरिश लेखकाची १९१२ ची एक अद्भुत कादंबरी त्यांनी 'सोन्याचे मडके' या नावाने मराठीत आणली. रानात राहणारे तत्त्वज्ञ, सोन्याचे मडके चोरीस गेल्यामुळे चवताळलेले बुटके, रानातून वावरणारे देव, असा सारा मामला तीत आहे. हसताहसता ती कादंबरी मधेच गंभीर होते, आणि वाचक सावरतो तोच पुन्हा हसू लागते. आयर्लंडच्या बुटक्यांना धारवाडच्या पावसाळी हवेत मराठी बोलताना ऐकावे, यात जी गंमत आहे ती मुळाबरहुकूम केलेल्या पुष्कळ भाषांतरांत नाही.

घरातील मुलगी इंग्रजी अद्भुत कादंबरीत बुडालेली असेल, तर ते पुस्तक तिच्या हातातून काढून घेण्याचे कारण नाही. रक्तपिपासूच्या प्रेमकथेपेक्षा अर्थसीची छाया तिला अधिक काळ पुरेल, एवढे सुचवावे. मराठी पुस्तक द्यावयाचे तर कर्तव्य म्हणून देऊ नये. त्या सुरात दिलेले पुस्तक कोणतेही मूल उघडीत नाही. पंधराव्या वर्षी 'सोन्याचे मडके' द्यावे. वेताळाच्या गोष्टी लहानपणी वाचून झालेल्या असतील, तरी त्या आता पुन्हा वाचावयास लावाव्या. लहानपणी त्यांतले प्रेत दिसते, पंधराव्या वर्षी त्यांतला प्रश्न दिसतो. त्यानंतर मस्तक खरे की धड खरे, यावर जेवताना वाद घालावा, आणि आजी असेल तर तिचे मत आधी विचारावे. पिंपळाखालून रात्री का जाऊ नये, हे सांगावयास ती बसली म्हणजे मध्येच थांबवून 'हे सारे खोटे आहे' असे मात्र कोणी म्हणू नये. मुलीला ते ठाऊक असते. आजीलाही ठाऊक असते.